जुन्या बुलेटचं पॅकिंग: कुठलं परत बसतं, कुठलं फेकायचं

बुलेटखाली तेलाचा थेंब दिसला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं: “पॅकिंग गेलंय.” निम्म्या वेळा पॅकिंग, म्हणजे दोन भागांच्या जोडात दाबून बसवलेला थर, शाबूत असतं. कव्हर वाकलेलं असतं, बोल्टच्या आट्यांनी जीव सोडलेला असतो किंवा मागच्या वेळी कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर घालून कव्हर उचकटताना अॅल्युमिनिअमवर चर पाडलेली असते. अशा चरेवर कितीही महागाचं पॅकिंग टाका, महिन्याभरात तेल पुन्हा बाहेर येतं. म्हणून पॅकिंग बदलायचं काम ७० टक्के साफसफाईचं आणि ३० टक्के बसवण्याचं आहे, असं धरून चालावं.

इथे डोळ्यांसमोर आहे ती कास्ट आयर्न इंजिनची ३५० सीसी बुलेट: ७० मि.मी. बोअर, ९० मि.मी. स्ट्रोक, लोखंडी बॅरल, अॅल्युमिनिअमचं हेड, ड्राय सम्प (तेल क्रँकखाली न साचता वेगळ्या कप्प्यात राहतं). १९५५ पासून मद्रासला जुळू लागलेल्या गाड्यांची मूळ रचना हीच. शेवटी जुन्या जावा-येझदीसाठी वेगळं लिहिलं आहे, कारण टू-स्ट्रोकमध्ये पॅकिंग चुकलं तर नुसतं तेल गळत नाही, पिस्टन जाम होतो.

आधी ठरवा: ठेवायचं की टाकायचं

भरीव तांब्याचं हेड पॅकिंग आणि तांब्याचे वॉशर परत वापरता येतात, पण तापवून मऊ केल्यावरच. तांब्याच्या पातळ पत्र्यात तंतूंचा थर दाबलेलं जोड-पॅकिंग एकदा दाबलं गेलं की संपलं. ते पुन्हा फुगत नाही. फायबरचे लाल वॉशर एकदाच वापरावेत. कागदी पॅकिंग अखंड निघालं, तेलाने भिजून मऊ पडलं नसेल आणि मागच्या वेळी त्याला ग्रीस लावलेलं असेल, तर पॉइंटच्या (इग्निशनच्या) झाकणासारख्या बिनदाबाच्या जागी परत चालतं. टायमिंग कव्हरला मात्र नवंच घ्या. कॉर्क कडक झाला की गेला. अंगठ्याच्या नखाने दाबून बघा: खड्डा पडून भरून आला तर जीव आहे, तुकडा उडाला तर फेकून द्या. प्रायमरी केसचं (डावीकडच्या क्लचच्या कव्हरचं) रबर चपटं होऊन चकाकायला लागलं असेल तर तेही बदला.

जुन्या जोड-पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. खरवडण्याआधी ते पाण्याने ओलं करा, कोरडं घासू नका, वायर ब्रश मारू नका आणि हवेचा पाइप तर अजिबात लावू नका. ओला कचरा पिशवीत बांधून टाका.

हेड उतरवताना

इंजिन पूर्ण थंड हवं. टाकी, कार्ब्युरेटर, सायलेन्सरचा बेंड, हेड फ्रेमला धरणारी पट्टी, रॉकरला जाणाऱ्या तेलाच्या बारीक नळ्या या क्रमाने काढा. नळ्यांच्या बँजो बोल्टला (मधून तेल जाणाऱ्या पोकळ बोल्टला) दोन्ही बाजूंनी तांब्याचे वॉशर असतात. त्यातला एखादा हमखास हेडला चिकटून राहतो आणि नवा वॉशर त्याच्यावर बसवला जातो. म्हणून मोजून घ्या. पुशरॉड काढताना इनलेट आणि एक्झॉस्ट यांना खूण करा, वरचं टोकही लक्षात ठेवा.

हेडचे नट तिरक्या क्रमाने, एका वेळी पाव फेरा असे सैल करा. एकच नट पूर्ण काढून बाकीचे घट्ट ठेवले तर हेडला पीळ बसतो. हेड निघत नसेल तर पंखांच्या फटीत पाना घालू नका. कास्ट आयर्नचा पंख काचेसारखा तुटतो आणि वेल्डिंग करून पहिल्यासारखा होत नाही. त्याऐवजी स्पार्क प्लग जागेवर ठेवून, नट आट्यांवर चार फेरे राहू देऊन, किक हलकीच दाबा. रॉकर काढलेले असल्यामुळे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि आतली दाबलेली हवाच हेड उचलते.

बॅरलही काढायची असेल तर टॅपेट कव्हरच्या आतला नट विसरू नका. बाहेरचे सगळे नट निघाले, तरी बॅरल हलत नाही म्हणून हातोडी उचलणाऱ्यांनी फोडलेल्या बॅरली भंगारात भरपूर सापडतात.

पृष्ठभाग

जुनं शेलॅक (पॅकिंगला लावलेला लाखेचा लेप) स्पिरिटमध्ये विरघळतं. चिंधी भिजवून दहा मिनिटं ठेवून द्या, मग बांबूच्या पट्टीने किंवा पितळेच्या पत्र्याने खरवडा. दाढीचं पातं वापरणार असाल तर आडवं, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून ओढा. ड्रिल मशीनला लावायची घासणारी चकती इथे नको: अॅल्युमिनिअम मऊ असतं, चकती कडेला जास्त खाते आणि तिची भुकटी थेट बेअरिंगमध्ये जाते. खरवडण्याआधी क्रँककेसचं तोंड आणि तेलाची भोकं चिंध्यांनी बुजवा. चिंध्या मोजा आणि शेवटी तितक्याच बाहेर आल्यात का बघा.

सपाटी तपासायला स्टीलची पट्टी हेडवर उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर धरा, खाली फिलर गेज (ठरावीक जाडीची पाती) सरकवून बघा. ०.०५ मि.मी.चं पातं शिरत असेल तर घासणं आलं. ६ मि.मी. जाडीच्या काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवा, वर थोडं डिझेल, आणि हेड इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवा. जोर न देता, प्रत्येक दहा फेऱ्यांनंतर हेड पाव फिरवून. सगळीकडे एकसारखा राखाडी रंग आला की थांबा. तुमच्या बॅरलच्या तोंडाला उठावदार कडा असेल आणि ती हेडच्या खाचेत बसत असेल, तर काच उपयोगाची नाही. तिथे बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून हेड आणि बॅरल एकमेकांवरच मागेपुढे घासावे लागतात आणि पेस्टचा कण न् कण धुवावा लागतो.

स्टडच्या भोकाभोवती बोट फिरवा. बोल्ट वर्षानुवर्षं ओढून ओढून तिथलं अॅल्युमिनिअम ज्वालामुखीसारखं वर आलेलं असतं. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतं. पॅकिंग त्या उंचवट्यावर टेकतं आणि बाकीची जागा पोकळ राहते. मोठ्या ड्रिलचं टोक हाताने दोन फेरे फिरवून अर्धा मि.मी. चॅम्फर (तिरपी कड) द्या. बंद तळाच्या भोकांतलं तेलही कापसाने टिपून घ्या. त्यात बोल्ट आवळला की तेलाला जायला जागा नसते आणि केसिंगलाच तडा जातो.

तांब्याचं पॅकिंग मऊ करणं

तांबं दाबाखाली कडक होतं. एकदा आवळून काढलेलं हेड पॅकिंग फरशीवर अलगद टाकलं तर खणखण वाजतं. मऊ झालेलं “थप” करून पडतं. ही परीक्षा आधी आणि नंतर दोन्ही वेळा करा, फरक कानाला लगेच कळतो.

आधी व्हर्निअरने किंवा मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजा. ०.०५ मि.मी.पेक्षा जास्त तफावत असेल, जळून कापलेली रेघ असेल किंवा कडेला चीर असेल तर नवं घ्या. ठीक असेल तर डिझेलने धुऊन, पुसून, सपाट विटांवर आडवं ठेवा. खोलीतला दिवा मंद करा, उन्हात रंग कळत नाही. गॅस टॉर्च गोल फिरवत राहा. आधी रंगांचे पट्टे येतात, मग काळपट, मग डाळिंबाच्या दाण्यासारखा मंद लाल. तो लाल रंग टॉर्चबरोबर पूर्ण कड्याभर फिरला पाहिजे. नारिंगी होऊ देऊ नका, तांबं भरड होतं आणि पातळ जागी वाकतं. घरगुती शेगडीवर मोठं कडं एकसारखं तापत नाही, एक बाजू मऊ आणि दुसरी कडक राहते. लोहाराची भट्टी जवळ असेल तर पाच मिनिटांचं काम.

लाल झालेलं तांबं पाण्यात बुडवलं तरी चालतं. लोखंडासारखं ते पाण्याने कडक होत नाही. उलट वरची काळी पापडी फटकन सुटते. उरलेली काळी झाक चिंच आणि मीठ लावून चोळा. घरातली तांब्याची भांडी घासतात तसंच. मग भरपूर पाण्याने धुवा, मिठाचा अंश राहिला तर हेडवर खड्डे पडतात. बाजारातली घासायची पावडर वापरली तर तिची रेती जाईपर्यंत धुवा. मऊ झालेलं कडं आता कडेला धरून उचललं तरी वाकतं, म्हणून ते काचेवर ठेवून वर दुसरी काच दाबा आणि बसवायच्या क्षणापर्यंत तिथेच राहू द्या.

बँजोचे आणि ड्रेन बोल्टचे वॉशरही असेच. तारेत ओवून सगळे एकदम तापवा.

जाडीचा हिशेब

“एक पॅकिंग कमी पडतंय, दोन टाकू” हे वाक्य कानावर आलं तर थांबवा. ७० मि.मी. बोअरवर ०.५ मि.मी. जाडी वाढली की हेडखालची जागा सुमारे १.९ घ.सें.मी.ने वाढते. कॉम्प्रेशन ६.५ धरलं तर ते ६.३४ वर येतं. आकडा लहान दिसतो, पण आधीच कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनमध्ये चढावर फरक जाणवतो. शिवाय दोन पॅकिंग म्हणजे गळायला एक जोड जास्त. हेड जितकं घासलं गेलं तितकंच भरून काढायचं असेल तर एकच जाड कडं कापून घ्या.

बॅरलखालच्या कागदी पॅकिंगला पुशरॉड आणि टॅपेट यांच्या जागी कापलेलं भोक पूर्ण मोकळं हवं. हेडवरचं तेल बॅरलमधल्या त्याच बोगद्यातून खाली उतरतं. कागद आत लोंबला तर तेल वर साचतं आणि व्हॉल्व्ह गाइडमधून सायलेन्सरमध्ये जातं. मग निळा धूर बघून नव्या रिंगा टाकल्या जातात आणि धूर तसाच राहतो.

टायमिंग कव्हर: इथे घाई नको

उजव्या बाजूचं हे कव्हर म्हणजे नुसतं झाकण नव्हे. तेलाचे दोन्ही पंप, फिल्टर आणि बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवरच्या टोकाला) जाणारी तेलाची वाट यातच आहे. तेल काढून घ्या. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खोचा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तळ गाठतो, घट्ट वाटतो, पण कव्हर दाबलं जात नाही.

कव्हरच्या आत, क्रँकच्या टोकासमोर, बोटाच्या पेराएवढा एक कॉर्कचा सील असतो. बिग एंडला जाणारं तेल याच्यातूनच क्रँकमध्ये शिरतं. तो कडक झाला की तेल बिग एंडपर्यंत न पोचता टायमिंग केसमध्येच सांडतं. बाहेर एक थेंबही गळत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाजायला लागतो. कव्हर उघडलं की हा सील नवाच टाका, मग तो कॉर्कचा असो वा रबराचा. कॉर्क असेल तर रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवा. बसला का ते असं कळतं: कव्हर हलक्या हाताने जागेवर टेकवलं तर ते कडेला पूर्ण टेकू नये, थोडी फट राहावी. ती फट स्क्रू आवळल्यावर मिटते, म्हणजे सील दाबला गेला. हाताने ठेवताच कव्हर सपाट टेकलं तर सील आखूड आहे.

पंपांच्या छोट्या झाकणांचं पॅकिंग मूळ जाडीचंच हवं. आतली चकती स्प्रिंगच्या दाबाने बसलेली असते. जाड कागद टाकला की झाकण वर जातं, स्प्रिंग सैल पडते, चकती उचलते आणि पंप तेल ढकलायच्या ऐवजी तिथल्या तिथे घुसळत बसतो. पॅकिंगची भोकं झाकणाच्या भोकांवर धरून, उजेडाकडे बघून जुळवा.

आणि इथे सिलिकॉन नको. कव्हरच्या कडेला वेटोळं काढून ट्यूब पिळली की जितकं बाहेर येतं तितकंच आतही जातं. आतली शेवई सुटून तेलाच्या बारीक वाटेत अडकते. कागदाच्या एका बाजूला, कव्हरकडे, शेलॅकचा पातळ हात द्या, इतका पातळ की खालचा कागद दिसावा. दुसऱ्या बाजूला ग्रीस. असं केलं की पुढच्या वेळी कव्हर उचकटावं लागत नाही आणि पॅकिंग अखंड निघतं.

बंद करण्याआधी फिल्टरची पोकळी ताज्या तेलाने भरा. ती रिकामी राहिली तर पंप आधी तीच भरत बसतो आणि तोवर बिग एंड कोरडा फिरतो.

कागद घरी कापायचा तर

ऑटो स्पेअरच्या दुकानात ऑइल जॉइंट पेपर शीटवर मिळतो. ०.२५ आणि ०.५ मि.मी. अशा दोन जाड्या घेऊन ठेवा. जुनं पॅकिंग निघालं असेल तर त्याचीच जाडी मोजा. हातोडीने कडा ठोकून आकार काढायची पद्धत सर्रास आहे, पण अॅल्युमिनिअमची कड त्यातच चेमटते. कव्हरच्या कडेला काळं ग्रीस बोटाने लावा आणि कागदावर शिक्क्यासारखं उमटवा.

आधी भोकं, मग कडा. चपला शिवणाऱ्याकडचा पंच यासाठी उत्तम, खाली लाकडाचा आडवा ठोकळा. दोन भोकं पाडून त्यात बोल्ट घाला, बाकीची त्याच्या आधाराने पाडा, म्हणजे कागद सरकत नाही. बाहेरची कड शेवटी कात्रीने. उन्हाळ्यात पडून राहिलेलं तयार पॅकिंग आखडून भोकं जुळत नाहीत. ओल्या फडक्यात अर्धा तास गुंडाळून ठेवा, मापात येतं. रस्त्यात अडचण झाली तर जाड, बिनचकचकीत लग्नपत्रिकाही वेळ मारून नेते, पण फक्त टॅपेटच्या झाकणाला.

प्रायमरी केस आणि कार्ब्युरेटर

डावीकडचं मोठं झाकण मधल्या एकाच नटवर बसतं. गळती दिसली की तो नट आणखी आवळायचा मोह होतो. आवळल्यावर झाकण मधोमध खोल जातं, कडा उचलतात आणि गळती वाढते. रबर पट्टी खाचेत स्वच्छ बसवा, झाकण चहूबाजूंनी सारखं टेकलंय का बघा आणि नट बेतानेच आवळा. आत साधारण ४२० मि.ली. तेल. जास्त घातलं तर ते क्लचच्या रॉडवाटे बाहेर येतं आणि दोष पुन्हा पॅकिंगच्या माथी.

मिककार्ब कार्ब्युरेटरच्या चपट्या तोंडाचंही हेच. दोन नट ओढून ओढून ते केळ्यासारखं वाकतं, हवा शिरते, आयडलिंग खाली येत नाही. काचेवरच्या पॉलिश पेपरवर ते सपाट करा आणि मधला उष्णतारोधक ठोकळा दोन पातळ कागदांमध्ये बसवा. पेट्रोलच्या वाटेवर सिलिकॉन लावू नका, ते फुगून सुटतं.

आवळणं आणि तपासणं

हेडचे नट तीन टप्प्यांत: आधी एक तृतीयांश, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण, नेहमी समोरासमोर. अंतिम आकडा तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमधूनच घ्या. आट्यांना तेलाचा एक थेंब पुरे.

मग टॅपेटचं सेटिंग. पॅकिंगची जाडी बदलली की हे बदलतंच. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून दोन्ही पुशरॉड बोटांनी सहज फिरले पाहिजेत, पण वरखाली हलता कामा नयेत. इंजिन थंड असतानाच.

सुरू केल्यावर आयडलिंगला ठेवून रॉकरच्या नळीचा बँजो बोल्ट अर्धा फेरा सैल करा. तेल झिरपलं तर परतीचा पंप चालतोय. मिनिटभरात काहीच आलं नाही तर बंद करा, रेस करून बघू नका. हेडच्या जोडावर साबणाचं पाणी ब्रशने लावा, गळतीच्या जागी फेस फुटतो. इंजिन रात्रभर थंड होऊ दिल्यावर नट पुन्हा तपासा आणि २०० कि.मी. नंतर परत एकदा, टॅपेटसकट. तांबं पहिल्या एक-दोन तापण्यांत आणखी बसतं.

जावा-येझदी असेल तर

६५ मि.मी. बोअरच्या या टू-स्ट्रोकमध्ये बॅरलखालचं पॅकिंग हा क्रँककेसच्या दाबाचा भाग आहे. तिथून हवा शिरली तर मिश्रण पातळ होतं, आयडलिंग वर चढतं, प्लगचं टोक पांढरं पडतं आणि लांबच्या वाटेवर पिस्टन धरतो. त्याची जाडी बदलली तर बॅरल वर-खाली होते आणि पोर्ट (बॅरलच्या भिंतीतल्या खिडक्या) उघडण्याची वेळच बदलते. म्हणून उघडण्याआधी मोजमाप घ्या: २ मि.मी. सोल्डरची तार प्लगच्या भोकातून पिस्टन पिनच्या रेषेत, भिंतीला टेकेपर्यंत आत घाला, क्रँक एक फेरा फिरवा, चपट्या झालेल्या टोकाची जाडी लिहून ठेवा. जुळवल्यावर तोच आकडा आला पाहिजे. ट्रान्सफर पोर्टच्या खिडकीत डोकावणारा कागद पात्याने कापा.

हेडला तांब्याचं किंवा अॅल्युमिनिअमचं कडं मिळतं. अॅल्युमिनिअम लाल होत नाही, तसंच वितळतं. त्यावर कोरडा अंगाचा साबण घासा, लांबून हलका टॉर्च फिरवा, साबण काळा पडला की लगेच थांबा.

जुळवून झाल्यावर इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी बुचांनी बंद करून, दाबाचा काटा असलेल्या सायकलच्या पंपाने प्लगच्या भोकातून ०.४ बारपर्यंत हवा भरा. बुलेटसारखा साबणाचा फेस सगळ्या जोडांवर फिरवा. पाच मिनिटांत काटा फार खाली आला आणि बाहेर कुठेच फेस फुटत नसला, तर पॅकिंगला हात लावू नका. हवा क्रँकच्या ऑइल सीलमधून जाते आहे.